तहान आणि उघडी दारं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शाळेत, वसतिगृहात, कामाच्या ठिकाणी एखाद्याला एकटं पाडून छळण्याविषयी हल्ली बरंच बोललं जातं. ‘बुलिंग’ हा इंग्रजी शब्द आता आपल्या शाळांच्या सूचनाफलकांपर्यंत पोहोचला आहे. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, की हे शहरातून आलेलं काहीतरी नवं दुखणं आहे. ‘आमच्या लहानपणी असलं काही नव्हतं,’ असं माझ्या वयाची माणसं बिनदिक्कत सांगतात. होतं. फक्त त्याला खोड्या काढणं, हिणवणं, जाच, सासुरवास, पायरी दाखवणं अशी वेगवेगळी नावं होती. आणि माझ्या रायगड जिल्ह्यात तर त्याचा शंभर वर्षांमागचा लेखी इतिहास आहे. तोच आज आपल्यासमोर मांडावा म्हणतो.

मुंबईहून गोव्याच्या रस्त्याने जाताना महाडच्या थोडं अलीकडे दासगाव लागतं. सावित्रीच्या खाडीवरचं हे जुनं बंदर. एके काळी मुंबईची बोट इथे लागायची आणि माणसं इथून चालत महाडला जायची. या दासगावात रामचंद्र बाबाजी मोरे नावाचा एक मुलगा वाढला. जन्म १९०३ चा, जात महार. बुद्धी अशी, की प्राथमिक शाळेत त्याने सरकारी शिष्यवृत्ती मिळवली. पुढचं शिक्षण महाडच्या इंग्रजी शाळेत घ्यायचं, तर शाळेने जातीमुळे प्रवेश नाकारला. मुलगा गप्प बसला नाही. त्याची तक्रार वर्तमानपत्रात छापून आली. मग शाळेला त्याला घ्यावं लागलं, पण बसायची जागा मिळाली ती वर्गाबाहेर. आत शिक्षक शिकवतायत, आत मुलं हसतायत, आणि हा हुशार मुलगा बाहेरून ऐकतोय. हेच मोरे पुढे महाडच्या सत्याग्रहाच्या उभारणीत सगळ्यांच्या पुढे होते. नंतर मुंबईच्या कामगार चळवळीत ते कॉम्रेड मोरे म्हणून ओळखले गेले.

असंच दुसरं एक मूल त्याआधी साताऱ्याच्या शाळेत होतं. त्या मुलाला बसायला तरटाचा तुकडा घरून न्यावा लागे आणि संध्याकाळी तो परत आणावा लागे, कारण शाळेचा शिपाईसुद्धा त्या तरटाला हात लावत नसे. वर्गातल्या इतर मुलांना तहान लागली, की ती मास्तरांना विचारून नळावर जात. या मुलाला स्वतः नळ उघडता येत नसे. शिपायाने उघडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. हे भीमराव आंबेडकरांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातही त्यांना मास्तरांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे उचलायला मुलं धावली होती. का, तर डबे बाटतील म्हणून.

त्या डबे उचलणाऱ्या मुलांनी आंबेडकरांना मारलं नाही की शिवी दिली नाही. घरी जे शिकली, तेच त्यांनी केलं. पण फळ्यापर्यंत चालत जाणाऱ्या मुलाच्या मनात तेव्हा काय झालं असेल, याची कल्पना करून पाहा. नॉर्वेत राहून या विषयाचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ डान ओल्वेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. तो जाणूनबुजून केलेला असतो, पुन्हा पुन्हा होतो, आणि छळणाऱ्याच्या हातात छळ सोसणाऱ्यापेक्षा जास्त बळ असतं. हे बळ अंगाचंच असतं असं नाही. ते संख्येचं असतं, पैशाचं असतं, जातीचं असतं. आपल्याकडे तर शाळेचा नियम, गावाची रूढी आणि मोठ्यांची संमती हे सगळंच एका बाजूला होतं.

अशा छळाने माणसाच्या तब्येतीचं काय होतं, हे आता बऱ्यापैकी ठाऊक झालं आहे. भीती वाटली, की शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. हृदय जोरात धडधडतं, रक्तात ताणाची संप्रेरकं वाढतात, पचन मंदावतं. धोका टळला, की सगळं पूर्ववत होतं. पण धोका रोज सकाळी दहा वाजता शाळेच्या दारात उभा असेल तर? मग शरीर पहाऱ्यावरच राहतं. झोप तुटते, डोकं दुखतं, पोटात गोळा येतो, अन्न जात नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही. २००३ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. संगणकावर चेंडू फेकण्याचा खेळ होता. त्यात एकाला हळूहळू वगळायचं, त्याच्याकडे चेंडूच टाकायचा नाही. त्या वेळी त्याच्या मेंदूचं चित्र घेतलं, तर शारीरिक वेदनेत जो भाग जागा होतो, तिथेच हालचाल दिसली. आपण ‘मनाला लागलं’ म्हणतो, ते उगाच नाही.

आणि हे सगळं शाळेबरोबर संपत नाही. ब्रिटनमध्ये १९५८ सालच्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांची आयुष्यभर नोंद ठेवली गेली. सातव्या आणि अकराव्या वर्षी त्यांना इतर मुलं छळत होती का, हे त्यांच्या पालकांना विचारलं होतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०१४ साली त्यांतल्या सात हजारांहून अधिक माणसांची माहिती तपासली. वारंवार छळ सोसलेल्या मुलांमध्ये पन्नाशीतही नैराश्य आणि चिंता अधिक होती, तब्येतीच्या तक्रारी अधिक होत्या, आणि आपलं म्हणावं असं माणूस जवळ असण्याचं प्रमाण कमी होतं. घरची गरिबी आणि मुलाची बुद्धी हिशेबात धरूनही हा फरक उरला. म्हणजे बारा वर्षांच्या आतलं दुखणं चाळीस वर्षं अंगात राहिलं. अर्थात सगळ्यांच्याच बाबतीत असं होत नाही. पुष्कळ जण त्यातून सावरतात. ते कशाने सावरतात, हा खरा प्रश्न आहे.

हे वाचताना मला माझं पोट आठवलं. मी किनाऱ्यावरच्या एका गावात मराठी शाळेत शिकलो. घरी आम्ही कोकणी मुसलमानांची बोली बोलायचो. वर्गात उभं राहून धडा वाचायला सांगितला, की मागच्या बाकावरून माझ्या उच्चारांची नक्कल व्हायची. माझ्या नावाचं यमक जुळवून काहीबाही म्हटलं जायचं. मास्तरही कधी कधी हसायचे. पाचवीत असताना दर सोमवारी सकाळी माझं पोट दुखायचं. आई ओवा आणि मीठ चावायला द्यायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी जंतांचं औषध दिलं. रविवारी पोट कधीच दुखत नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मी मोठ्याने वाचणं टाळू लागलो. पुढे मराठीत कविता लिहायला लागलो, छापून यायला लागल्या, तरी बरीच वर्षं व्यासपीठावर उभं राहिलं, की घसा कोरडा पडायचा. माझं दुखणं अगदी लहान होतं. पाण्याचा हंडा मला कोणी नाकारला नव्हता. म्हणूनच ज्यांना तोही नाकारला गेला, त्यांच्या अंगात काय साठलं असेल, असा विचार मनात येतो.

आता पुन्हा महाडला जाऊ. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागद झाला, पण तळ्यावर जायची हिंमत कोणाची होईना. दुसऱ्या धर्मांची माणसं तिथे पाणी भरत होती, गुरंढोरं पाणी पीत होती. महाड बाजाराला आलेला महार माणूस मात्र तहानलेलाच परत जात होता.

तीन वर्षं हे असंच चाललं. इथे छळाचा सगळ्यांत खोल परिणाम दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या हिणवलं गेलेल्या माणसाला अडवायला रोज कोणी काठी घेऊन उभं राहावं लागत नाही. तो स्वतःच थांबतो. दार उघडं असलं, तरी त्याचे पाय उंबऱ्याशी अडखळतात. मानसशास्त्राची पुस्तकं याला काहीही नाव देवोत, बाबासाहेबांना हे दुखणं पक्कं ठाऊक होतं. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरली, तेव्हा भाषणात त्यांनी तळ्याच्या आधी माणसाच्या स्वतःविषयीच्या समजुतीवर बोट ठेवलं. उष्टं मागून खाऊ नका, मेलेल्या जनावराचं मांस सोडा, मुलं आपल्यापेक्षा वरच्या स्थितीला जातील असं पाहा, असं त्यांनी सांगितलं. परिषदेला आलेल्या हजारो माणसांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. समोर तळं भरलेलं होतं आणि पाणी विकत घेतलं जात होतं.

२० मार्चला परिषद संपता संपता अनंतराव चित्रे यांनी सुचवलं, की नगरपालिकेचा ठराव आहे, तर आता तळ्यावर जाऊ या. रांगा लागल्या. शिस्तीत सगळे चवदार तळ्यावर गेले. बाबासाहेब पाण्यात उतरले, ओंजळीने पाणी प्यायले, आणि मागोमाग बाकीचेही प्यायले. साताऱ्याच्या शाळेतली तहान आणि दासगावच्या पोराने वर्गाबाहेर काढलेले दिवस, दोन्ही त्या ओंजळीमागे होतं, असं मला वाटतं.

दोनएक तासांत गावात आवई उठली, की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव लाठ्याकाठ्या घेऊन परिषदेच्या मांडवावर गेला. परतीच्या तयारीत असलेली माणसं जेवत होती. त्यांना मारहाण झाली, अन्न मातीत कालवलं गेलं. वीसेक जण गंभीर जखमी झाले. किरकोळ जखमी त्याहून कितीतरी जास्त. डाकबंगल्यावर बाबासाहेबांपाशी जमलेल्या माणसांत लष्करातून निवृत्त झालेलेही होते. त्यांना नुसत्या इशाऱ्याची खोटी होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं. पुढे हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

त्या दुपारी गल्ल्यांमधून पळणाऱ्या, मार चुकवणाऱ्या माणसांना महाडच्या काही मुसलमान घरांनी आत घेतलं. बाबासाहेबांच्या चरित्रात याची नोंद आहे. ही नोंद एका ओळीत संपते, पण माझी नजर तिथे नेहमी थबकते. मुसलमान म्हणून मला अभिमान वाटतो, हे लपवत नाही. मात्र तेवढ्यावर थांबलो, तर त्या ओळीचा अर्थ अर्धाच कळेल. बाहेर जमाव आहे, तो आपल्याच गावचा आहे, उद्या बाजारात याच लोकांकडून मीठ-मिरची घ्यायची आहे. अशा वेळी दाराची कडी काढणं सोपं नसतं.

नंतर तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. गोमूत्र, शेण, दूध, दही यांचे १०८ घडे पाण्यात ओतले गेले. कोणाच्याही अंगावर हात न टाकता हजारो माणसांना ‘तुम्ही घाण आहात’ असं सांगण्याची ती रीत होती. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला आधीचा ठरावही मागे घेतला. म्हणून डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली. यावेळी मांडवाला जागा मिळेना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. महाडचे व्यापारी माल विकेनात, म्हणून धान्य बाहेरून आणावं लागलं. बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले, २५ डिसेंबरला दासगाव बंदरावर उतरले आणि तिथून मिरवणुकीने पायी महाडला आले. ज्या दासगावातून एक मुलगा वर्गाबाहेर बसायला महाडला जात होता, त्याच वाटेने.

त्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे कायस्थ होते. न्यायालयाचा मनाई हुकूम आल्यामुळे पाणी पिण्याचा सत्याग्रह तहकूब झाला आणि तळ्याभोवती मिरवणूक काढून परिषद संपली. या परिषदेतली एक गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं, की तुमच्या लुगडं नेसण्याच्या तऱ्हेवरून, गळ्या-हातातल्या जड दागिन्यांवरून तुमची जात ओळखली जाते. ते टाकून द्या आणि पायघोळ लुगडी नेसा. बायकांनी ते लगेच मनावर घेतलं. नव्या पद्धतीने लुगडं नेसायला त्यांना मदत केली ती टिपणीस आणि चित्रे यांच्या घरच्या बायकांनी. शतकानुशतकं ज्या अंगावर अपमान वागवला, त्याच अंगावर लुगड्याचे नवे काठ नीट करणारे ते परके हात. औषध म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

चवदार तळ्याचा खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. न्याय मिळाला, पण उशिराने. माणसं उभी राहिली होती ती त्याआधीच. आपण एकटे नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आजचे अभ्यासकही फिरून याच ठिकाणी येतात. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी छळ चालू असताना भोवतालची मुलं काय करतात, याचा अभ्यास केला. काही छळणाऱ्याला साथ देतात, काही हसतात, बरीचशी नुसती बघतात. या बघणाऱ्यांतलं कोणी छळ सोसणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभं राहिलं, तर छळ कमी होतो, असं त्यांना आढळलं. त्यावर बेतलेला कार्यक्रम तिथल्या शाळांत राबवला गेला आणि त्याचा गुण आला. माझी पोटदुखीही सहावीत थांबली. एक कोळ्याचा मुलगा माझ्या बाकावर येऊन बसायला लागला. तो कोणाशी भांडला नाही. मागून नक्कल सुरू झाली, की तो वळून बघायचा, एवढंच. नक्कल करणाऱ्यांना हळूहळू मजा येईनाशी झाली.

आपल्या राज्यानेही या शहाणपणाचा थोडा भाग कायद्यात आणला आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. त्यात रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याहून महत्त्वाचं कलम पुढे आहे. तक्रार येऊनही संस्थाप्रमुखाने काही केलं नाही, तर त्याने गुन्ह्याला मदत केली असं धरलं जातं. गप्प बसणं हीसुद्धा मदतच असते, फक्त ती छळणाऱ्याला होते, हे कायद्याने मान्य केलं आहे. तरीही मे २०१९ मध्ये मुंबईत शिकणारी डॉक्टर पायल तडवी हिने जीवन संपवलं. ती जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल या मुस्लिम आदिवासी समाजातली. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. मुलीला त्रास होतोय हे घरच्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते सांगितलंही होतं, असं तिच्या आईने जाहीरपणे म्हटलं आहे.

हे इतरांना सांगताना आमच्या मोहल्ल्याकडेही पाहायला हवं. किनाऱ्यावर मासे मारणाऱ्या दालदी घरच्या मुलाला ‘मासळीचा वास येतो’ म्हणून बाजूला बसवणारी मुलं आमच्यातही आहेत. महाडच्या उघड्या दारांचा अभिमान बाळगायचा, तर या मुलासाठीही दार उघडावं लागेल.

शेवटी घरच्या माणसांसाठी दोन गोष्टी. मूल वारंवार पोट, डोकं दुखतं म्हणत असेल, तर डॉक्टरांकडे न्याच, पण ते कोणत्या दिवशी दुखतं तेही पाहा. झोप, भूक, डब्यात परत येणारं जेवण, हरवलेल्या वस्तू, एकाएकी बंद झालेलं बोलणं, या सगळ्यांकडे लक्ष असू द्या. ‘तू पण दोन ठेवून दे’ असा सल्ला देऊ नका. दुबळ्या बाजूच्या मुलाला तो सल्ला आणखी एकटं करतो. आधी त्याचं ऐकून घ्या, मग शाळेत जाऊन बोला. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी ‘टेलि-मानस’चा १४४१६, हे दोन्ही फोन क्रमांक घरात कुठेतरी लिहून ठेवा.

आणि तुमचं मूल छळ सोसणारंही नसेल, छळणारंही नसेल, तर ते बघणाऱ्यांतलं असेल. वर्गात त्यांचीच संख्या सगळ्यांत मोठी असते. त्याच्याकडून मोठ्या शौर्याची अपेक्षा नको. मधल्या सुट्टीत एकट्या बसलेल्या मुलाशेजारी जाऊन डबा उघड, एवढंच त्याला सांगा.